शंभराच्या आकड्यावरचा बगळा

आमच्या घरात उडत्या पाखराचा फोटू एकच हाय, आन् त्यात पाखरू न्हाई.

न्हाई म्हंजे, तसं बघाया गेलं तर हाय. भोरच्या नाना फोटोवाल्यांनी बघितलं, माझ्या आईनं तर लई नीट बघितलं. फकस्त मलाच ते पाखरू म्हनवत न्हाई. का ते मागनं सांगती. बाळ आत्ताच निजलंय, ते उठायच्या आत लिवून घ्यायचंय, कारन उठलं की पयला हात दौतीत घालतंय.

मी मराठी दुसरीपतुर शिकलेली. तिसरीचं पुस्तक आनलं, त्याला पुट्टा चढवला, आन् लगीन ठरलं. म्हनून मला जोडाक्षरं येत्यात, पर अपूर्नांक येत न्हाईत. आन् आमचा सगळा घोळ झाला तो अपूर्नांकापाशीच!

दुसरं म्हंजे मी भित्री. कशाकशाला भ्या वाटतं ते इचारू नगा, कशाला वाटत न्हाई ते इचारा, लवकर सांगून हुईल. मला भाटघरचं धरन फुटल्याचं सपान पडतंय. हे म्हनत्यात, "अगं, आपलं उत्रोली कुठं, ते धरन कुठं! ते दुसऱ्या नदीवर हाय. फुटलं तरी हितं थेंब यायचा न्हाई." तवापासनं मी सपनात दुसरी नदी बी घेती. बाळ झाल्यावर तर इचारूच नगा. ते निजलं की मी त्याच्या नाकापाशी बोट धरून बघती, शास चालू हाय का. मंग ते जागं हुतंय, भोकाड पसरतंय, आन् आत्याबाई (म्हंजे माझ्या सासूबाई) चुलीपासनं म्हनत्यात, "पटलं का आता जित्तं हाय ते?"

आमचे हे सातवी पास. भोरात नाना फोटोवाल्यांच्या दुकानात कामाला. काम काय, तर झाडायचं, पानी भरायचं, बशा धुवायच्या. चहाच्या न्हाईत, फोटूच्या. पर ह्यांचा जीव सगळा त्या क्यामेऱ्यात. नाना त्याला हात लावू देत न्हवते. एक दिवस ह्यांनी धीर करून म्हनलं, "नाना, मला बी काढाया शिकवा की." तर नाना म्हनले (हे सगळं ह्यांनी मला नानांच्याच आवाजात करून दावलं, दोन्ही हात मागं बांधून), "श्रीपती, बसलेला माणूस कुणीही काढील. तो खुर्चीला खिळलेलाच असतो. पण लग्नात घोडं थांबतं का? अक्षता थांबतात का? तू उडतं पाखरू स्वच्छ काढून आण. मग तुला वरातीत कॅमेरा देतो. नाहीतर झाडू आपला आहेच."

आन् नानांनी जुना क्यामेरा आन् एक फिलम ह्यांच्या हातात ठिवली. एका फिलमीत आठ फोटू.

क्यामेरा घरी आला तवा मी बाळाला घेऊन कनगीमागं गेले. मिटला की नुसता काळा डबा, पर उघडला की पुढं पेटीच्या भात्यासारखं सुरकुत्यांचं नाक बाहीर येत व्हतं, आन् त्या नाकाच्या शेंड्यावर एकच डोळा! एका डोळ्याचं काय खरं असतं का? आत्याबाईंनी मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या आन् उतरल्या. बाळावरनं न्हाई, क्यामेऱ्यावरनं! म्हनल्या, "दुसऱ्याची वस्तू हाय. आपल्या घरची दिष्ट नगं लागाया."

त्याच दिवशी बाजाराला माझा भाऊ किसन आला. आमचं म्हायेर येल्ह्याकडं, तोरन्याच्या पायथ्याला. पयलं बाळतपन म्हायेरीच व्हायाचं, पर आईचा पाय बांधावनं घसरून मोडला, म्हनून सगळं सासरीच झालं. हाड बसवलं, पर पाय वाकडाच ऱ्हायला. आईला आता उंबऱ्याच्या भाईर पडवत न्हाई. आन् मी त्या तान्ह्याला घेऊन गाडीनं नसरापूर, तितनं येल्हं, मधी रान, रानात वाघरू... मला नुसतं बोलतानाच घाम फुटतोय. म्हनून बाळ आठ म्हयन्याचं झालं तरी आईनं त्याचं तोंड बघितलं न्हवतं.

किसन म्हनला, "सगुने, आई मला रोज इचारती, पोराचं नाक कुनावर गेलंय? आता मी काय सांगू? मला तर ते कुनावरच गेल्यालं दिसत न्हाई."

"असं रं काय! चांगलं धारदार नाक हाय."

"आसंल. पर आईला नुसतं सांगून भागत न्हाई. रातध्यास घेतलाय तिनं. भावजींच्या हातात यंत्र हाय, त्येचा एक फोटू काढून धाड की!"

मला त्या डोळ्याचं भ्या वाटत व्हतं, पर आईचं तोंड डोळ्यापुढं आलं. म्या ह्यांना म्हनलं, "आठातला एक बाळाचा. बाकीची समदी पाखरं तुमची."

हे म्हनले, "दिला! एक काय, दोन घे."

(दोन घे म्हनले ना, तवाच मला कळाया पायजे व्हतं.)

रातचं जेवान झाल्यावर हे क्यामेरा घेऊन बसले. त्या डोळ्याभवती एक चकती व्हती. तिच्यावर आकडे. पंचवीस, पन्नास, शंभर, आन् दोन इंग्रजी अक्षरं, त्यांना हात लावायचा न्हाई म्हनून नानांनी बजावलं व्हतं. हे म्हनले, "डोळ्याच्या आत एक झडप हाय. चाप दाबला की ती उघडती आन् मिटती. किती येळ उघडी ठिवायची, ते ह्या आकड्यावर."

"मंग पंचवीस म्हंजे पंचवीस काय?"

"शेकंदाचा पंचविसावा तुकडा."

"शेकंद कवढा असतो?"

"एक म्हन."

"एक."

"झाला शेकंद. आता त्याचे करायचे तुकडे."

"एवढ्याशाचे? कशानं?"

ह्यांनी कपाळाला हात लावला. मंग दुरडीतली भाकरी घेतली. "ही बघ भाकरी म्हंजे शेकंद. हिचे पंचवीस तुकडे केले, त्यातला एक उचलला, तर पंचवीस आकडा. शंभर तुकडे केले, त्यातला एक उचलला, तर शंभर आकडा. कळलं?"

"कळलं. शंभर म्हंजे जास्ती."

"अगं, शंभर म्हंजे कमी!"

आत्याबाई चुलीपासनं उठून आल्या. "काय म्हनलास? शंभर म्हंजे कमी? आरं शिरपा, ह्येच्यासाठनं तुला सात यत्ता घातलं व्हय? जा, बाजारात जाऊन सांग, मला शंभर आंबे नगं, पंचवीस द्या, मला जास्ती पायजेत!"

"आये, तुकडा ल्हान हुतोय!"

"आन् ती भाकरी ठेव खाली. खायाची वस्तू हाय."

मंग ह्यांनी सांगितलं की पाखराचं पंख लई जोरात हालत्यात, म्हनून झडप झटक्यात मिटाया पायजे, म्हनून शंभर बरं. पर शंभरावर उजेड आत कमी जातोय, दार उघडलं न् लावलं तर घरात किती उजेड येनार? फोटू काळा पडायचं भ्या. पंचवीस ठिवलं तर उजेड झकास, पर पाखरू हालनार. मधलं पन्नास म्हनावं, तर त्ये दोन्हीकडचं भांडन घेऊन बसनार. हे चकती हिकडं फिरवायचे, तिकडं फिरवायचे. शेवटाला माझ्याकडं बघून म्हनले, "तुला काय वाटतं?"

आता मला कुनी कवा इचारत न्हाई. म्या मनात इचार केला. पाखरू घाईत हाय. घाईच्या मानसाला आपन काय करतो? मोठा तुकडा हातावर ठेवतो, वाटंनं खा म्हनतो! म्या म्हनलं, "पाखराला पोटभर द्या. पंचवीस."

आन् ह्यांनी ऐकलं! सातवी पास मानसानं दुसरी पास बायकूचं ऐकलं!

ती फिलम धुतली तवा नाना म्हनले म्हनं, "श्रीपती, हे बगळे आहेत की कुणी गादी पिंजतंय?" सगळ्या फोटूत पांढरा कापूस. एकात जरा लांब कापूस, एकात जरा गोल. आन् बाळ? बाळ कुठंच न्हाई!

"अवं, बाळाचा फोटू?"

"त्याचं काय झालं..."

"काय झालं?"

"आठवा काढायला मी घरी येतच व्हतो. तर वाटंत पान्याच्या पाटावर एक बगळा, हितनं, असा हाताच्या अंतरावनं उडाला. ऱ्हावलं न्हाई."

मी बोलनं सोडलं. (मी बोलत न्हाई हे ह्यांना दुसऱ्या दिवशी सांजच्याला कळलं.) किसन बाजाराला आला, रित्या हातानं परत गेला. जाताना म्हनला, "आईला सांगतो, नाक अजून ठरायचंय."

ते ऐकून मला रडूच फुटलं. तवा हे भोरला गेले, नानांचं पाय धरले आन् दुसरी फिलम घेऊन आले. नानांनी बजावलं व्हतं, "ही शेवटची. पुन्हा कापूस आणलास तर झाडू."

ह्या टायमाला आत्याबाई मधी पडल्या. "सात पाखराचे. एक पोराचा. मी हाय मधी. आन् शिरपा, आठव्या टायमाला कुटलं बी पाखरू हिकडं-तिकडं फिराया लागलं, तर डोळं मिटून घ्यायचं."

"आन् आकडा?" हे माझ्याकडं बघाया लागले.

"माझ्याकडं बघू नगा," म्या म्हनलं. "शंभर करा न्हाई तर हजार करा."

दिवाळी हून गेली व्हती. भातं कापून झाली व्हती, खाचरात अजून वल व्हती, आन् ऊन असं चकचकीत की हे म्हनले, "आता शंभरावर बी काळा पडनार न्हाई." आमी सगळी रानात गेलो. हे क्यामेरा गळ्यात घालून, आत्याबाई म्हस घेऊन, मी बाळाला काखंत आन् धुन्याची बादली डोक्यावर. बगळ्यांचा थवाच्या थवा म्हशीभवती उतरला. हे बोट चापावर ठेवून हुभे.

बगळे उडनात!

हे टाळ्या वाजवाया लागले. बगळ्यांनी मान वळवून बघितलं आन् परत किडं टिपाया लागले. आत्याबाई वरडल्या, "हाऽऽ! हाड!" तर म्हस निघाली, बगळे तिच्या पाठीवर बसून संगट निघाले. कसे उडतील? भात लावताना ते आमच्या पायापायात असत्यात. आमच्याच गावचे बगळे, त्यांना मानसाचं काय भ्या! त्या सगळ्या रानात भेनारी मी एकलीच.

मंग ह्यांनी ढेकूळ मारलं. बगळे उडाले, पर ढेकूळ मारनारा हात आन् चाप दाबनारा हात एकच! हात परत येईस्तवर पाखरं गेली, आन् फिलमीवर आलं नुसतं आभाळ. दुसऱ्या टायमाला म्हशीनंच मधी मान घातली. तिसऱ्या टायमाला झडपंचा चापच चढवला न्हवता, नुसतंच दाबत बसले.

आन् तेवढ्यात नदीकडनं दुसरा थवा आला. पांढरा सफेद, आमच्या डोस्क्यावरनं, एवढा खाली की पंखांचा आवाज यावा! ह्याच्यापरीस चांगलं काय पायजे?

पर आमच्याकडं बगळे डोस्क्यावरनं गेले की त्यांच्यापाशी कवड्या मागायच्या असत्यात. दोन्ही हात वर करायचे आन् नखं हालवायची. बगळ्यानं दिली, तर नखावर पांढरा ठिपका उठतोय, ती कवडी. ल्हानपनापासनं समदी मागत्यात. त्यात इचार करायचा नसतोय, हात आपसूकच वर जात्यात.

म्या बाळाला खाली ठिवलं आन् हात वर केले. आत्याबाईंनी म्हशीचा दोर सोडला आन् हात वर केले. म्या सहज बघितलं, तर आमचे हे! एका हातानं क्यामेरा धरलाय, आन् दुसरा हात त्याच्या डोळ्याम्होरं धरून नखं हालवत्यात!

"अवं! तुमी काय करताय?"

हे भानावर आले, चाप दाबला. पर दाबताना बी तो हात तितंच!

"सवय गं..." हे म्हनले आन् तोंड बारीक करून खाली बसले.

आत्याबाई आपली नखं निरखत म्हनल्या, "मला काय न्हाई दिली बाई."

असं करत करत एकच पाखराचा ऱ्हायला आन् एक बाळाचा. हे म्हनले, "आता एकच उपाय. ह्यांना दचकवायचं. दे ते धोतर." मी पाटावर धुतल्यालं ह्यांचं पांढरं धोतर बांधावर वाळत घातलं व्हतं. "दोन टोकं दोन हातात धर, डोस्क्यावरनं घे, आन् मी हात केला की वरडत पळत सूट."

"मी? मला भ्या वाटतं!"

"बगळ्याचं?"

"मला माझंच वाटतं. धोतर घेऊन पळताना कुनी बघितलं तर?"

"सगुने, पळ," आत्याबाई म्हनल्या. "तुझ्या नवऱ्याच्या हातातला झाडू सुटतोय का बघू."

ह्यांनी हात केला. मी डोळं मिटलं, धोतर फडफडवलं, आन् "आई गं!" करत सुटले. मागनं मोठा धुडूम धुडूम आवाज. डोळं उघडले, तर बगळे जाग्यावर, आन् म्हस उडालेली! शेपूट वर करून अशी चौखूर, की तिच्या मागं आत्याबाई, "आरं धराऽ!" आन् त्या दोघी पार शिवंच्या बांधाकडं. ह्यांनी घाबरून चाप दाबला. फिलमीवर आत्याबाईंची पाठ.

ऱ्हायला एक. बाळाचा.

ह्यांचं तोंड बघवत न्हवतं, पर आईचं तोंड मला अजून जास्ती दिसत व्हतं. म्या बाळाचं तोंड पुसलं, गालावर काजळाची तीट लावली (त्यानं मान वळवली, तीट जरा पसरली, कान बी त्यात आला), आन् त्याला पाटापलीकडच्या बांधावर गोनपाटावर बसवलं. पाट मधी. अल्याड हे क्यामेरा घेऊन हुभे, मी जराशी आडबाजूला, ती बी अल्याडच.

ह्यांनी चकतीला हात घातला. "बसलेल्याला पंचवीस बास."

"हात लावू नगा!"

"का?"

"बसलेल्याला? हा कवा बसला? हात बघा, पाय बघा! हा पाखरापरीस चपळ हाय. मोठ्या तुकड्यात ह्येचा बी कापूस हुईल. शंभरच राहू द्या!" त्या दिशी मला अपूर्नांक कळला. शाळंत कळला न्हवता, कारन शाळंत माझं लेकरू न्हवतं.

हे म्हनले, "बरं बाई, शंभर," आन् क्यामेऱ्यात डोकं घातलं. "बाळ्या, ए बाळ्या, हिकडं बघ!" बाळ हिकडं सोडून समदीकडं बघत व्हतं. त्यानं हिकडं बघावं म्हनून मी धोतर हालवत हुभी.

आन् मला बाळावर सावली दिसली. काळी, पंखाची. वर बघितलं, तर घार!

समद्या गावच्या घारी कोंबडीचं पिल्लू कसं उचलत्यात ते मला दिसलं. बाळ कवढं, घार कवढी, हे काय माझ्या डोस्क्यात आलं न्हाई. तिकडं तीच घार बघून सकाळधरनं आमाला दाद न देनारे समदे बगळे एकदम उडाले आन् बाळाच्या डोस्क्यावनं निघाले. समदे! मी वरडले, धोतर डोस्क्यावरनं तसंच पसरलेलं, आन् पाटावरनं उडी मारली. ह्यांचं डोकं क्यामेऱ्यात, बगळं दिसले, आत्याबाईंचा शबूद इसरले, क्यामेरा वर केला...

चाप वाजला.

मी बाळावर धोतर घालून बसले. जरा येळानं धोतरातनं डोकं काढलं. घार गेली व्हती. बगळे गेले व्हते.

"काय काढलंत?" म्या इचारलं.

"पाखरं."

"आन् बाळ?"

"आता मला काय ठावं! तू मधी आलीस!"

"घार आली व्हती!"

"घार तिकडं आभाळात व्हती!"

"सावली बाळावर पडली व्हती!"

"सावली चावती का?"

मी रडाया लागले. पाखरू बी न्हाई, बाळ बी न्हाई, आन् आई तिकडं पाय पसरून वाट बघत बसलेली. आत्याबाई म्हशीला वढत आल्या, दम खात म्हनल्या, "निघाला का गं पोराचा फोटू?" हे क्यामेरा मिटाया लागले. बाळ तेवढं दोन्ही हात वर करून आभाळाकडं नखं हालवत व्हतं. आमचं बघून बघून शिकलं व्हतं!

भोरला ह्या टायमाला मी संगं गेले. घरी बसून वाट बघायचं भ्या, तितं जायचं बी भ्या, मंग संगं जानं बरं. नाना आतल्या अंधाऱ्या खोलीतनं बाहीर आले, वाळलेले फोटू टेबलावर मांडले आन् चष्मा लावला. मी बाळाला घट्ट धरून भिंतीला टेकले.

"हे आभाळ," नाना म्हनले. "छान आहे. पुढं... ही म्हैस. बरं. हे..." त्यांनी फोटू डोळ्यापाशी नेला. "हे पाच बोटांचं पाखरू कुठलं?"

हे खाली बघाया लागले.

"नखातला चिखलसुद्धा स्पष्ट आलाय! आणि हे? ही कोण बाई पळतीय?"

"आमची आई हाय."

"नमस्कार सांग." आन् नानांनी शेवटचा फोटू उचलला.

नाना फोटूवर वाकले. भिंग घेतलं, उजेडाला गेले. मला वाटलं, आता हातात झाडू देत्यात, आन् कदाचित मला बी एक. तर नानांचे खांदे हालाया लागले. मंग पोट हालाया लागलं. मंग नानांनी टेबल धरलं, चष्मा काढला आन् डोळं पुसले.

मी लांबनं मान उंच करून बघितलं. फोटूत खाली गोनपाटावर आमचं बाळ, तोंडभर हसतंय, दोन्ही हात वर करून नखं हालवतंय, नाक असं स्पष्ट की कुनावर गेलंय ते आंधळ्याला बी कळावं! आन् त्याच्या डोस्क्यावर, भुईला कुठंच न टेकलेलं, पांढरंधोट, दोन्ही पंख ताठ पसरलेलं, मान आत घेतलेलं, मागं दोन काटकुळं पाय लोंबत सोडलेलं...

"श्रीपती," नाना म्हनले, "हे पाखरू कुठलं रे?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हालवली, नगा सांगू म्हनून.

"येल्ह्याकडचं हाय, नाना," हे म्हनले. "डोंगरातलं. सध्या आमच्यातच असतंय."

नानांनी माझ्याकडं बघितलं, फोटूकडं बघितलं, परत माझ्याकडं, आन् परत टेबल धरलं! हसून झाल्यावर म्हनले, "पण काम चोख झालंय. पंखाची... म्हणजे धोतराची चुणी न् चुणी मोजून घ्यावी. पायानं उडालेला पाण्याचा थेंबसुद्धा हवेत थांबलाय. शंभरावर होतं ना?"

"व्हय. हिनं ठेवायला लावलं."

"मी म्हणालो होतो उडतं काढ. काय उडतं ते मी म्हणालो नव्हतो. ये पुढच्या लग्नाला वरातीत, कॅमेरा घे. फक्त घरच्यांना आणू नकोस."

त्यांनी दोन परती काढून दिल्या. एक घरी लावली, आत्याबाईंनी आधी तिच्यावरनं मीठ-मोहऱ्या उतरल्या. दुसरी किसन सदऱ्याच्या आत घालून आईकडं घेऊन गेला. मी त्याला काय बोलले न्हाई. म्हनलं, आई आपली आई हाय, बघितल्या बघितल्या वळखंल, हसंल, तेवढीच तिला करमनूक.

पुढच्या बाजाराला किसन आला. मी दारातच हुभी.

"बघितला का रं आईनं?"

"बघितला म्हंजे! उशाशी घेऊन निजती. आल्यागेल्याला दावती. नाक आजावर गेलंय म्हनली, आन् रडली बी."

मला बी भरून आलं. तेवढ्यात किसननं खाकरून घेतलं. "पर तुला एक निरोप हाय. जसाच्या तसा सांग म्हनली."

"सांग की."

"म्हनली, सगुनीला म्हनावं, आठ म्हयन्याचं लेकरू रानात एकलं टाकून तू कुठं उलथली व्हतीस? त्याच्यावर केवढा दांडगा बगळा आलाय बघ! फोटू काढनाऱ्याला दिसतोय आन् आईला दिसत न्हाई? असली कसली गं बिनघोर आई तू?"

बिनघोर! मी! जी निजलेल्या बाळाच्या नाकापाशी बोट धरती ती! म्या ह्यांच्याकडं बघितलं, तर हे भिंतीचा पोपडा काढत व्हते. आत्याबाईंनी तोंडात पदर कोंबला व्हता.

किसन म्हनला, "मी बी येवढा मोठा बगळा कवा बघितला न्हाई, बया. धरनावरचा असंल."

आता काय सांगनार? सांगितलं असतं, तर आईनं आल्यागेल्याला दावलेला तो फोटू परत समद्यांना बोलावून दावला असता. म्या मुकाट म्हनलं, "आईला सांग, चुकलं माझं. त्या बगळ्याला हितनं पुढं बाळाजवळ फिरकू देत न्हाई."

तेवढ्यात आतनं बाळ जागं झालं आन् भुकेनं किंचाळाया लागलं. मंग काय करता! बगळ्यालाच जावं लागलं, पाजाया.